अँटीबॉडीचा आकडा उतरला, पण पकड वाढली असेल तर?

ओमायक्रॉन आला तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर अँटीबॉडी टेस्टचे रिपोर्ट फिरत होते. ज्याचा आकडा मोठा, तो मास्क काढून मोकळा. ज्याचा उतरला, तो टेन्शनमध्ये. मला हे दोन्ही पटत नाही, कारण रिपोर्टमध्ये अँटीबॉडी किती आहेत एवढंच कळतं. त्या विषाणूला किती घट्ट धरतात, ते त्यात नसतंच. या पकडीला अ‍ॅव्हिडिटी म्हणतात.

संसर्ग झाल्यावर शरीर आधी घाईत अँटीबॉडी बनवतं. त्या भरपूर असतात, पण बऱ्याचशा सैल चिकटणाऱ्या. खरं काम पुढे काही महिने लिम्फ नोडमध्ये चालतं. तिथल्या बी पेशी स्वतःच्या अँटीबॉडीच्या जीनमध्ये मुद्दाम बारीक बदल करत राहतात. हे बदल आंधळे असतात, म्हणजे कुठला उपयोगी पडेल ते आधी ठरलेलं नसतं. ज्या पेशीची पकड सुधारते तिला विषाणूचा तुकडा मिळतो, टी पेशींची मदत मिळते आणि ती टिकते. बाकीच्या मरतात. अ‍ॅपचं नवीन व्हर्जन येतं तसंच, फक्त इथे डेव्हलपर कुणीच नाही!

न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या संशोधकांनी ८७ जणांना संसर्गानंतर साधारण १.३ आणि ६.२ महिन्यांनी तपासलं. २०२१ च्या सुरुवातीला ‘नेचर’मध्ये ते छापून आलं. अँटीबॉडींचं प्रमाण घटलं होतं, पण स्मृती बी पेशी टिकून होत्या आणि त्यांच्या अँटीबॉडींमध्ये नवे बदल साठले होते. विषाणूचं रूप थोडं बदललं तरी त्यांना ते जास्त चांगलं झेपत होतं. आणखी गंमत म्हणजे १४ जणांच्या आतड्याचे नमुने चार महिन्यांनी पाहिले, तर ७ जणांत विषाणूचे अंश सापडले. सराव इतका लांबण्यामागे हेही कारण असू शकतं.

पकड मोजतात कशी? अँटीबॉडी चिकटल्या की युरियाच्या द्रावणाने धुवायचं. सैल असतात त्या निघून जातात, उरतात त्या घट्टवाल्या. नेहमीच्या लॅबमध्ये ही टेस्ट सहसा होत नाही.

म्हणून मास्क काढायचा का? नाही. ओमायक्रॉनच्या स्पाइकमध्ये तिसाहून जास्त बदल आहेत, त्यामुळे घट्ट पकडही काही ठिकाणी निसटते. शिवाय स्मृती पेशींना जागं व्हायला काही दिवस लागतात, तोवर विषाणू नाकात शिरलेला असतो. त्यांचा उपयोग मुख्यतः आजार गंभीर होऊ न देण्यात आहे. २०२२ मध्ये साठीपुढच्या मंडळींना प्रिकॉशन डोस मिळत होता, तेव्हाही रिपोर्टचा आकडा बघत थांबायची गरज नव्हती. २०२२ च्या सुरुवातीला दुसऱ्या डोसला ३९ आठवडे झाले की तो घेता येत असे.