पावतीवर काय लिहाल?

दिवाळीच्या तोंडावर आपल्या धंद्याला बरकत येते आणि सगळ्यात वाईट कामंही याच दिवसांत होतात. पाऊस पुरता सरलेला नसतो, हवा सादळलेली असते आणि गिऱ्हाईक म्हणतं, 'धनत्रयोदशीच्या आत कपाट घरी आलं पाहिजे.' मग त्या दमट हवेतच चपडा लाखेचं पॉलिश मारलं जातं. ते पांढुरकं पडतं. ते झाकायला वरून मेलामाइनचा हात फिरतो आणि आजोबांच्या काळचं सागवानी कपाट हॉटेलच्या खोलीतल्या कपाटासारखं चकाकू लागतं. गिऱ्हाईक खूश. पावतीवर एकच ओळ: 'अँटिक कपाट, १ नग.'

आमचं भांडण या ओळीशी आहे.

बाजारात येणारा माल कुठून येतो, हे आपल्याला नव्यानं सांगायला नको. पुण्यात, नाशकात, वाईत वाडे उतरतात. खांब, तुळया, कडीपाटाच्या फळ्या, दारं निघतात आणि त्यांबरोबर भिंतीतली फडताळंही निघतात. आता फडताळ म्हणजे काय? दर्शनी चौकट, दोन झडपा, आत फळ्या. त्याला ना पाठ, ना बाजू, ना पाय. जाड भिंत हीच त्याची पाठ आणि तीच त्याची बाजू. वाडा पडला की हाती उरतो तो कपाटाचा नुसता चेहरा. कारखान्यात त्याला बाजू बसतात, मागे फळी लागते, खाली कातीव पाय येतात आणि 'दीडशे वर्षांचं पेशवाई कपाट' जोगेश्वरीच्या किंवा चोर बाजाराच्या दुकानात उभं राहतं. (पेशवाई संपली १८१८ मध्ये. दीडशे वर्षांचा हिशेब कसा जुळवतात, हे विक्रेत्यालाच ठाऊक.)

हे काम वाईट आहे, असं आमचं म्हणणं मुळीच नाही. उलट, चौकट आणि झडपा जळणात जाण्यापेक्षा कुणाच्या तरी घरात उभ्या राहिलेल्या केव्हाही बऱ्या. जुन्या तुळया चिरून केलेल्या नव्या कपाटाबद्दलही हेच म्हणू. तो साग मुरलेला असतो, त्याचं काय आकसायचं ते आकसून झालेलं असतं, आजच्या कोवळ्या मालापेक्षा तो कारागिराला सुखाचा. पण 'जुन्या सागाचं नवं कपाट' ही एक वस्तू आणि 'जुनं कपाट' ही दुसरी. पहिलीला दुसरीचं नाव देऊन दुसरीची किंमत घ्यायची, याला चलाखी म्हणा, कारागिरी म्हणू नका.

पाहणाऱ्याला फरक कळतोच. पाठीच्या फळीवर करवतीच्या खुणा अर्धवर्तुळाकार असतील, तर ती फळी यंत्राच्या गोल पात्यावर कापलेली. स्क्रू उपसून पाहा. टोकदार स्क्रू यंत्रावर भराभर निघू लागले ते एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात. बर्मिंगहॅमच्या नेटलफोल्डनं त्याच्या अमेरिकी पेटंटचे हक्क घेतले १८५४ मध्ये. त्याआधीचा स्क्रू बोथट टोकाचा, हातानं कानस मारलेला. अधिक-चिन्हाची खाच असलेला स्क्रू तर १९३० च्या दशकातला. अर्थात एका स्क्रूवरून निकाल देऊ नये, तो मधल्या कुठल्या तरी दुरुस्तीतही आलेला असतो. आणि तेच तर नोंदवायचं असतं!

आम्हाला सगळ्यात बोलकी वाटते ती झडपेची मधली फळी. जुना सुतार ती चौकटीच्या खाचेत मोकळी सोडायचा. सरस नाही, खिळा नाही. लाकूड लांबीत जवळपास हलत नाही, रुंदीत मात्र पावसाळ्यात फुगतं आणि थंडीत आकसतं, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. पिढ्या गेल्या की फळी कायमची थोडी आकसते आणि चौकटीच्या कडेला नखाएवढी फिकट पट्टी उघडी पडते. पहिलं पॉलिश झालं तेव्हा ती खाचेत लपलेली होती, म्हणून तिला रंग लागलाच नाही. ही पट्टी म्हणजे कपाटाचा जन्मदाखला. आपल्याकडे दुरुस्तीत पहिल्यांदा तीच रंगवून टाकतात. त्याहून वाईट म्हणजे फळी हलते, खडखडते, म्हणून आतून दोन खिळे ठोकतात, नाहीतर खाचेत फेव्हिकॉल ओततात. पुढच्या उन्हाळ्यात फळी मधोमध तडकते आणि दोष सागाला लागतो.

फेव्हिकॉल १९५९ मध्ये आला आणि सुतारकाम सोपं झालं, हे मान्य. नव्या कामाला तो उत्तम. पण जुना सांधा सरसाचा असेल, तर तो ऊब आणि ओल देऊन सोडवता येतो, साफ करून पुन्हा बसवता येतो. त्यावर पांढरा डिंक चढवला की पुढच्या कारागिराला सांधा उकलायला पटाशी चालवावी लागते, म्हणजे कुसू गेलाच. सरस शिजवायला वेळ लागतो, वास येतो, पोरं नाक मुरडतात. तरी जुन्या कामाला सरसच. पॉलिशचंही तसंच. आत, न दिसणाऱ्या जागी स्पिरिटचा एक थेंब टाकून बघा. पृष्ठभाग चिकट झाला, तर वरचा थर लाखेचा आहे आणि त्याला लाखच हवी. बहुतेक वेळा मळ काढून दोन-तीन हात दिले की काम होतं. कॉस्टिक सोड्यानं धुण्याची घाई कशाला? त्यात पॉलिशबरोबर सरसही विरघळतो, लाकडाचे तंतू उभे राहतात, आणि मग रंध्याखाली शंभर वर्षांचा हात लागून आलेली झळाळी भुश्यात जाते.

कायद्याची बाजूही आहे, आणि ती आपण सोयीनं विसरतो. १९७२ च्या पुरावस्तू व कलानिधी कायद्यानुसार शंभर वर्षांवरची कलाकुसरीची वस्तू पुरावस्तू ठरू शकते. तिच्या विक्रीच्या धंद्याला परवाना लागतो, नोंदवही ठेवावी लागते आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणून होतं काय, तर तेच कपाट पुण्याच्या गिऱ्हाइकासाठी 'दीडशे वर्षांचं' असतं आणि न्यू जर्सीतल्या मुलाकडे धाडायचं म्हटलं की कस्टम्सच्या कागदावर एका रात्रीत 'नवीन हस्तकला' होतं. शिसवी असेल तर आणखी एक गाठ: शिसवाच्या सगळ्या जाती २०१७ पासून सायटिस कराराच्या यादीत आहेत, तेव्हा नव्या मालालाही कागद लागू शकतात. हस्तिदंताचं जडावकाम असेल, तर हातच लावू नका. वस्तू जुनी आहे म्हणून त्याच्या व्यापाराला आपल्या कायद्यात सूट नाही.

जाता जाता एक गंमत. गोदरेजनं पोलादी कपाटं करायला सुरुवात केली १९२३ मध्ये. म्हणजे ज्या कपाटानं आपल्या घरांतून लाकडी कपाटांना हुसकावलं, त्याच्या पहिल्या पिढीनंही शंभरी ओलांडली. उद्या कुणी तसलं एखादं घेऊन आलं, तर हसू नका आणि डुको मारू नका.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात गोव्यात घडलेली सतराव्या शतकातली कपाटं आहेत. घोडीवर उभी, ओळीनं खण, सागावर आबनूस आणि हस्तिदंताचं जडावकाम. पोर्तुगीज त्यांना कोंतादोर म्हणत. गाव कळतं, शतक कळतं, लाकूड कळतं. घडवणाऱ्याचं नाव मात्र कळत नाही, कारण ते कुणी लिहूनच ठेवलं नाही. आपण अजून तेच करतो आहोत. महिनाभर खपून उभ्या केलेल्या कपाटावर विक्रेत्याचं स्टिकर असतं, मिस्त्रीचं नाव नसतं.

म्हणून या दिवाळीपासून प्रत्येक कपाटाबरोबर एक कागद द्या. छापील नमुना नको, हातानं लिहिलेलं चालेल. उदाहरणार्थ: 'वाड्यातलं फडताळ. चौकट, झडपा, बिजागऱ्या जुन्या. बाजू, पाठ, पाय नवे, जुन्या तुळईच्या सागाचे. डावी झडप वाळवीनं खाल्लेली, खालचा तुकडा बदलला. सांधे सरसाचे. पॉलिश लाखेचं.' खाली महिना, साल आणि काम करणाऱ्या मिस्त्रीचं नाव.

किंमत पडेल, ही भीती काही वाचकांनी पत्रांतून आधीच कळवली आहे. काही कपाटांची पडेलही. ज्यांची पडेल, ती आजवर जास्त भावानं विकली जात होती.

कागद वरच्या खणाच्या पाठीमागे, आतल्या बाजूला लावा. डिंकानं चिकटवू नका, दोन पितळी टाचण्या पुरेत. लोखंडी टाचणी ओल धरते आणि सागावर काळा डाग पाडते. त्याचा एक फोटो फोनमध्ये ठेवा, म्हणजे पाच-दहा वर्षांनी तेच कपाट दुरुस्तीला परत आलं, तर आधी काय केलं होतं ते शोधत बसावं लागणार नाही.