लॅपटॉप घेताना प्रोसेसरचा प्रश्न शेवटी विचारा

बारावीनंतरचे प्रवेश सुरू झाले की घरोघरी लॅपटॉपची चर्चा रंगते, आणि ती बहुधा प्रोसेसरपासून सुरू होऊन प्रोसेसरपाशीच संपते. आय-फाइव्ह घ्यावा की आय-सेव्हन, रायझन पाच की सात? माझ्या मते हा प्रश्न सर्वांत शेवटी यायला हवा. लिहिणे-वाचणे, कोडिंगचा अभ्यास, ऑनलाइन वर्ग एवढ्या कामाला आजचा कोणताही मध्यम प्रोसेसर पुरून उरतो. शिवाय नावातल्या आकड्यांवर विसंबणे धोक्याचे असते. एएमडीची ‘रायझन ५ ७५२०यू’ ही चिप २०२२ मध्ये आली आणि तिचा आकडा सात हजारांच्या मालिकेतला आहे, पण तिच्या आतली झेन-२ ही रचना २०१९ ची आहे. आकड्यातला तिसरा अंक तसे सांगतोही. पण तो वाचायचा कसा, हे किती ग्राहकांना ठाऊक असते?

आधी विचारायचे ते हे की, या यंत्रातले पुढे काय बदलता येईल आणि काय कधीच बदलता येणार नाही. रॅमचेच पाहा. पातळ लॅपटॉपमध्ये ती मदरबोर्डवर सोल्डर केलेली असते, म्हणजे आज आठ जीबी घेतली की यंत्र मोडीत निघेपर्यंत आठच. वेगळे ग्राफिक्स कार्ड नसेल तर त्यातलाही थोडा वाटा पडद्यावरचे चित्र रंगवण्यात जातो. उरलेल्यात विंडोज, ब्राउझरचे दहा-पंधरा टॅब आणि व्हिडिओ कॉल बसवायचे. जागा संपली की यंत्र एसएसडीचा आधार घेते आणि प्रोसेसर कितीही चपळ असला तरी सगळे अडखळू लागते. २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपल्या ‘कोपायलट प्लस’ संगणकांसाठी किमान १६ जीबीची अट घातली आणि अ‍ॅपलनेही मॅकबुक एअरची सुरुवात आठवरून सोळावर नेली. आठ जीबी अपुरी पडते, याची यापेक्षा स्पष्ट कबुली कोणती हवी?

सोल्डर केलेल्या रॅमचे समर्थन करणारे अभियंते खोटे बोलत नाहीत, हेही मान्य करायला हवे. ‘एलपीडीडीआर’ प्रकारची रॅम कमी वीज खाते, आणि प्रोसेसरच्या अगदी जवळ बसवल्यामुळे तिचा वेगही वाढतो. बॅटरी जास्त टिकते त्याचे थोडे श्रेय तिला जाते. लोकलच्या गर्दीत पाठीवर ओझे वागवणाऱ्यांना हलक्या यंत्राचे मोल सांगायला नको. पण तडजोड उघड्या डोळ्यांनी करावी. रॅम बदलता येणार नसेल तर पहिल्या दिवशीच सोळा घ्यावी, आणि त्यासाठी प्रोसेसर एक पायरी खालचा चालवून घ्यावा. एक रिकामा स्लॉट असेल तर आठवर सुरुवात करायला हरकत नाही. पडद्यालाही हाच न्याय लावावा: स्वस्त लॅपटॉपवर सर्रास दिसणारा २५० निट्सचा फिकट पडदा खिडकीजवळ बसल्यावर वाचवत नाही, आणि पुढची चार-पाच वर्षे डोळ्यांसमोर तोच असणार.

‘सामान्य माणूस लॅपटॉप उघडतो कुठे?’ असा एक आक्षेप नेहमी येतो. तो स्वतः उघडत नाही, पण लॅमिंग्टन रोडवरचा किंवा तालुक्याच्या गावातला दुरुस्ती करणारा उघडतो, आणि बिल किती होणार हे तिथे ठरते. लिथियम-आयन बॅटरी काहीशे वेळा पूर्ण चार्ज झाली की थकतेच. तो रसायनाचा धर्म आहे. ती स्क्रूने बसवलेली असेल तर अर्ध्या तासाचे काम, गोंदाने चिकटवलेली असेल तर जिकिरीचे. कीबोर्ड वरच्या आवरणाला रिव्हेटने ठोकलेला असेल तर दोन कळा बिघडल्या म्हणून अख्खे आवरण बदलण्याची वेळ येते. चार्जिंगचे पोर्ट वेगळ्या छोट्या बोर्डवर असेल तर तेवढाच बोर्ड बदलतो; मदरबोर्डवरच असेल तर सैल झालेल्या एका पिनेपायी मदरबोर्डला हात घालावा लागतो. यातले काहीही जाहिरातीत किंवा खोक्यावर छापलेले नसते. मोठ्या मुलाचा लॅपटॉप धाकटीकडे जाणाऱ्या घरांना तर याची झळ थेट बसते.

म्हणून ही माहिती शोधण्याचा भार एकट्या ग्राहकावर टाकणे मला अन्यायाचे वाटते. फ्रान्समध्ये जानेवारी २०२१ पासून लॅपटॉपला दुरुस्तीसुलभतेचे दहापैकी गुण किमतीशेजारी दाखवावे लागतात. युरोपीय संघाच्या नियमानुसार फेब्रुवारी २०२७ पासून अशा उपकरणांतली बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता-घालता यायला हवी. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने नेमलेल्या समितीने मे २०२५ मध्ये अशाच निर्देशांकाचा आराखडा दिला, पण त्यात सुरुवात स्मार्टफोन आणि टॅब्लेटपासून धरली आहे. लॅपटॉप त्याच टप्प्यात घ्यायला हवा. तोवर निदान रॅम सोल्डर केलेली आहे की नाही, स्लॉट किती आणि बॅटरी कशी बसवली आहे, एवढ्या तीन ओळी खोक्यावर मराठीत छापायला कंपन्यांना नवे तंत्रज्ञान लागणार नाही.