डिस्टिंक्ट टाक की!

परवा घरच्या एका मुंजीत पंगतीला शेजारी दादा बसला होता. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ, संगणकक्षेत्रात वीसेक वर्षं काढलेला, आणि घरातला या विषयातला सर्वोच्च न्यायालय. जुना विषय निघाला, वाचनालयाचा. दादाने जिलबी मोडता मोडता निकाल दिला, "अरे, तेव्हा क्वेरीत नुसतं डिस्टिंक्ट टाकलं असतंस ना, तर एवढं रामायण झालंच नसतं."

मला मठ्ठ्याचा ठसका लागला. तिथे मी जे बोललो ते जरा जास्तच झालं, हे वहिनीच्या चेहऱ्यावरून कळलं. पण मुद्दा अर्धाच राहिला, म्हणून इथे लिहितोय. आत्या, तू हे वाचणार हे मला माहीत आहे, तेव्हा तांत्रिक भाग तुला कळेल असाच लिहितो. दादाला कळेल का, ते मात्र सांगता येत नाही :-)

तर झालं असं. गावच्या वाचनालयाचे हिशेब अण्णाकाका बघायचे. शाळेतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाल्यावर त्यांनी खजिनदारपद घेतलं आणि लाल कापडी बांधणीच्या वहीत पैन् पै लिहून ठेवली. २००९ च्या दिवाळीत माझ्या डोक्यात खूळ शिरलं की हे सगळं संगणकावर आणायचं. पोरासोरांना हाताशी धरून पावत्यांच्या स्थळप्रती भरल्या. तीन तक्ते केले : एक सभासदांचा, एक वर्गणीचा, एक पत्त्यांचा. सभासद चारशे. प्रत्येकाची वर्षाची एक पावती, म्हणजे वर्गणीच्या तक्त्यात चारशे ओळी. पत्त्यांचा तक्ता मुद्दाम वेगळा ठेवला, कारण आमच्याकडे पुष्कळ जणांचं एक घर वाडीत आणि एक पुण्या-मुंबईत. मला तेव्हा स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं, की बघा, कसा शास्त्रशुद्ध विचार केलाय.

२०१० च्या ऑगस्टमध्ये वार्षिक सभा होती. चिटणीस म्हणाले, यंदा वाडीनिहाय वर्गणी दाखवा, कुठली वाडी मागे आहे ते कळू दे. वाडी पत्त्याच्या तक्त्यात. पैसे वर्गणीच्या तक्त्यात. मग काय, सभासद क्रमांकावर दोन्ही जॉइन केले, वाडीवर ग्रुप बाय लावलं, सभासद मोजले, रकमेची बेरीज घेतली. सात ओळी आल्या, सहा वाड्या आणि एक 'बाहेरगाव'. खाली एक्सेलमध्ये एकूण काढलं आणि कागद छापून सभेत वाटले.

माझ्या कागदावर : सभासद ४३८, जमा ६७,८५० रुपये.
अण्णाकाकांच्या वहीत : सभासद ४००, जमा ६१,४०० रुपये.

फरक ३८ माणसांचा आणि ६,४५० रुपयांचा.

आता हा फरक किती असावा, यावर सगळं अवलंबून असतं बघा. माझ्या कागदावर सहा लाख आले असते तर सभा हसली असती, मीही हसलो असतो, आणि चहा पिऊन घरी गेलो असतो. मोठी चूक स्वतःच बोंब मारते. ६,४५० ही रक्कम मात्र अगदी माणसाच्या हातून होईल एवढीच होती. ३८ पावत्या म्हणजे एखादं पावतीपुस्तक गहाळ व्हावं, इतकंच. कुणी काही आरोप केला नाही. एका गृहस्थांनी फक्त विचारलं, "खजिनदार, अडतीस जणांची वर्गणी राहिली वाटतं वहीत घ्यायची?" अण्णाकाका उभे राहिले, वही उघडली, परत मिटली, आणि म्हणाले, "बघतो."

रात्री मी त्यांच्याकडे गेलो, तर कंदिलासारखा पिवळा दिवा लावून बेरजा चालल्या होत्या. म्हटलं, मी परत एकदा बघू का? तर म्हणाले, "तुझं यंत्र कशाला चुकेल रे बाळा? माझंच पान उलटताना काहीतरी राहिलं असणार." आणि मी (हे लिहायला आजही जड जातं) गप्प बसलो. कारण मलाही तसंच वाटत होतं.

पुढच्या महिन्यात त्यांनी स्वतःच्या पेन्शनीतून ६,४५० रुपये वाचनालयाच्या खात्यात भरले. कुणाला सांगितलं नाही.

उलगडा झाला तो २०११ च्या मे महिन्यात. वाचनालयाला ७५ वर्षं झाली म्हणून निमंत्रणपत्रिका पाठवायच्या होत्या, पत्त्यांच्या चिठ्ठ्या मीच छापल्या. चार दिवसांनी पुण्याच्या मामीचा फोन, "अरे, तुमच्या वाचनालयाला पैसा फार झालाय का? आम्हाला एक पत्रिका इथे आली आणि एक गावच्या घरीही पडली आहे म्हणे!" मी आधी हसलो. मग हसू आटलं. तक्ता उघडून दोन पत्ते असलेली माणसं मोजली. अडतीस. त्यांतले पस्तीस जण १५० रुपयेवाले, दोघे ५०० चे, एक २०० चा. बेरीज करा. ६,४५०.

आत्या, झालं काय ते सांगतो. जॉइन म्हणजे दोन तक्ते शेजारी ठेवून ओळीला ओळ जुळवणं. वर्गणीत तुझी एक ओळ आहे आणि पत्त्यात दोन, तर जुळवल्यावर तुझ्या दोन ओळी होतात आणि तुझे दीडशे रुपये दोन्ही ओळींवर छापले जातात. संगणक खोटं बोलत नाही, त्याने फक्त जुळवलं. एकदा तू वाडीत मोजली गेलीस, एकदा बाहेरगावात.

आणि दादासाहेब, आता तुमच्याकडे येतो.

पहिली गोष्ट म्हणजे डिस्टिंक्ट होतंच! प्रत्येक वाडीतले सभासद मी काउंट डिस्टिंक्ट वापरूनच मोजले होते, कारण पुण्यातल्या नोकरीत मला तेवढंच शहाणपण शिकवलं होतं. एकाच वाडीत कुणाचीही दोन घरं नव्हती, त्यामुळे त्या डिस्टिंक्टला खायला काही मिळालंच नाही. यातली गंमत म्हण किंवा भीषणता म्हण, कागदावरची प्रत्येक ओळ आपापल्या जागी खरी होती. 'बाहेरगावी पत्ता असलेले सभासद ६१' हे खरंच. त्यातले ३८ जण वाडीतही होते, हेही खरंच. खोटी होती ती फक्त खालची बेरीज. गट एकमेकांत शिरत असतील तर गटांची बेरीज म्हणजे एकूण नव्हे. हे चौथीतल्या पोराला फळांच्या टोपल्यांवर समजतं, आणि आपल्याला पगार घेऊन समजत नाही.

दुसरं. समजा ग्रुप बाय काढून अख्ख्या जॉइनवर काउंट डिस्टिंक्ट लावलं. डोकी बरोबर चारशे येतात. पैसे? पैसे तरीही ६७,८५०. म्हणजे आता तर कागद आणखी विश्वासार्ह दिसणार, माणसं जुळली ना! मग तू म्हणशील, बेरजेतही डिस्टिंक्ट टाक. टाकून बघितलंय मी. सम डिस्टिंक्ट सारख्या रकमा एकदाच धरतं. आमच्याकडे रकमा पाचच प्रकारच्या : ७५, १५०, २००, २५० आणि ५००. अख्ख्या वाचनालयाची वर्षाची जमा आली १,१७५ रुपये. दीडशे भरणाऱ्या दोन माणसांतला एक म्हणजे त्याच्या मते दुसऱ्याची नक्कल!

बरं, नाव आणि रक्कम यांवर डिस्टिंक्ट घ्यावं तर गावात एकाच नावाचे दोन अनंत आणि तीन सुरेश, तेही बहुतेक दीडशेवाले. ते एकमेकांत विरघळले. पावती क्रमांकासकट घेतलं तर बेरीज बरोबर येते, मान्य. पण ज्याला पावती क्रमांक सुचला त्याला 'इथे एक ओळ म्हणजे एक पावती' हे आधीच कळलेलं असतं, आणि ज्याला ते कळलंय तो एकूण बेरजेसाठी पत्त्यांचा तक्ता मुळात जोडेलच कशाला?

माझा राग आहे तो याच्यावर. डिस्टिंक्टवर नाही, बिचारा शब्द चांगला आहे. आकडा फुगलेला दिसला की का फुगला हे न विचारता वरून डिस्टिंक्ट मारायचं, आणि आकडा मनासारखा आला की थांबायचं, या सवयीवर. ताप का आला हे न बघता थर्मामीटर गार पाण्यात बुडवण्यासारखं आहे हे. नोकरीत मी अशा किती क्वेऱ्या पाहिल्या असतील, वर डिस्टिंक्ट, खाली सहा जॉइन, आणि लिहिणाऱ्याला विचारलं तर म्हणे, "त्याशिवाय डुप्लिकेट येतात." येतात म्हणजे काय? पाहुणे आहेत का ते? तूच बोलावलेस!

थोडा दोष भाषेचाही आहे, नाही असं नाही. आयबीएममधल्या कॉड यांनी १९७० साली जो मूळ विचार मांडला, त्यात तक्ता म्हणजे गणितातला संच. संचात तीच ओळ दोनदा असूच शकत नाही. पुढे आयबीएममध्येच चेंबरलिन आणि बॉइस यांनी १९७४ साली जी भाषा मांडली, तिचीच पुढे एसक्यूएल झाली. या भाषेत मागितल्याशिवाय नकला काढायच्याच नाहीत असं ठरलं, कारण त्या शोधून काढणं महागात पडतं. ख्रिस डेट यांनी पुढे अनेक वर्षं यावर कडक टीका केली. मायएसक्यूएलचा कारभार आणखी सैल होता. ग्रुप बायमध्ये नसलेला स्तंभ वर लिहिला तरी ते तक्रार न करता त्या गटातल्या कुठल्यातरी ओळीतली किंमत उचलून द्यायचं. २०१५ साली ५.७ आवृत्ती आली तेव्हा कुठे ते मुळातूनच अडवायला लागलं. पण भाषेच्या नावाने बोटं मोडून माझं पाप धुतलं जात नाही. आमच्याकडे कुठल्याही कडक नियमाने मला अडवलं नसतं, कारण क्वेरी व्याकरणाने चोख होती.

चुकलेला होता तो प्रश्न. मी पैसे मोजतोय, माणसं मोजतोय, की घरं मोजतोय? जॉइन केल्यावर ओळ घराची झाली आणि मी तिला पावती समजून बेरीज केली. एवढंच. मुलाखतीत आम्ही पोरांना इनर आणि लेफ्ट जॉइनमधला फरक विचारतो आणि ती घडाघडा म्हणून दाखवतात. मी आता दुसरंच विचारतो. सभासदाचे वर्गणीचे दोन हप्ते आहेत आणि त्याने तीन पुस्तकं नेलीत, तिन्ही तक्ते जोडले तर त्याच्या ओळी किती? पाच म्हणणारे पुष्कळ. सहा म्हणणारे कमी. आणि ज्याने एकही पुस्तक नेलं नाही त्याला लेफ्ट जॉइननंतर काउंट स्टारने मोजलं तर किती पुस्तकं दिसतील? एक. कारण पुस्तक नसलं तरी त्याची रिकामी ओळ उरतेच, आणि काउंट स्टार ओळी मोजतं. पुस्तक क्रमांकाचा स्तंभ मोजला तरच शून्य येतं.

उपाय काही अवघड नाही. पैशांची बेरीज वर्गणीच्या तक्त्यातच सभासदागणिक करून घ्यायची, पुस्तकांची मोजणी देवघेवीच्या तक्त्यात, आणि मग एका सभासदाची एकच ओळ उरली की जोडायचं. वाडी हवी तर प्रत्येकाचा एक मुख्य पत्ता ठरवायचा. हा निर्णय संगणकाचा नाही, कार्यकारिणीचा आहे. आणि जोडण्याआधी ओळी मोजायच्या, जोडल्यावर परत मोजायच्या. चारशेच्या ४३८ झाल्या तर कागद छापायचा नाही. यात दोन मिनिटंही जात नाहीत. मी ती दोन मिनिटं दिली नाहीत.

आता म्हणे क्वेरी यंत्रच लिहून देतं, शिकायची गरज नाही. देतं खरं, आणि माझ्यापेक्षा सुबक देतं. पण पुण्याच्या मामीची दोन घरं आहेत हे त्याला कोण सांगणार?

मी अण्णाकाकांना सगळं सांगितलं तेव्हा ते बराच वेळ माझ्याकडे बघत होते. मग म्हणाले, "म्हणजे वही बरोबर होती." एवढंच. कार्यकारिणीने ठराव करून पैसे परत दिले. त्यांनी ते घेतले, पावतीवर सही केली, आणि पुढच्या महिन्यात कपाटाच्या किल्ल्या चिटणिसांकडे देऊन टाकल्या. नजर कमी झाली असं कारण सांगितलं. तीन वर्षांनीही पंचांग चष्म्याशिवाय वाचत होते.

असो. दादा, मुंजीत आवाज चढला त्याबद्दल माफ कर. मुद्द्याबद्दल माफी नाही. वहिनी, मठ्ठा झकास झाला होता, ठसका दादामुळे लागला. ती लाल वही सध्या माझ्याकडे आहे. २००९-१० च्या पानावर ६१,४०० खाली पेन्सिलीने आठ वेळा बेरीज करून बघितलेली दिसते, आठही वेळा तीच.