सांधा जमला की बाहुली चालते



मोबाइलवरच्या साध्या गेममध्ये धावणारा एखादा मुलगा कधी नीट बघितलाय? स्वतः खेळताना ते जमत नाही. दुसरं कुणी खेळत असेल तेव्हा शेजारी बसा आणि फक्त त्या मुलाचा हात बघा. दंड तोच राहतो, पंजा तोच राहतो. चित्र बदलत नाही, तुकडे फक्त खांद्यापाशी आणि कोपरापाशी फिरतात. तेवढ्यावर आपल्याला वाटतं, मुलगा जिवाच्या आकांताने पळतोय!

या पद्धतीला कट-आउट ॲनिमेशन म्हणतात. पूर्वी हे तुकडे कागदाचे असायचे, आता ते कॉम्प्युटरवर व्हेक्टरमध्ये काढतात. व्हेक्टर म्हणजे बिंदू आणि वळणं गणिताने लक्षात ठेवलेलं चित्र. ते कितीही मोठं केलं तरी कडा फाटत नाहीत. आजच्या लेखात हेच समजून घेऊ. ॲनिमेशन शिकायचंय म्हणणारं एखादं मूल आता बऱ्याच घरांत असतं, आणि कोर्सची फी ऐकून आईबाबा गप्प होतात. फी भरायची की नाही हे ठरवण्याआधी घरी, जवळजवळ फुकटात, काय करून बघता येईल ते सांगते.

बारा चित्रं की बारा तुकडे?

आधी थोडा हिशोब. सिनेमात एका सेकंदाला २४ फ्रेम असतात. हाताने काढलेल्या ॲनिमेशनमध्ये बहुतेक वेळा एक चित्र दोन फ्रेम वापरतात, म्हणजे सेकंदाला १२ चित्रं. एका मिनिटाला झाली ७२०. एकट्याने गेम बनवणाऱ्या मुलीने चालणं, पळणं, उडी, पडणं हे सगळं असं काढायचं म्हटलं, तर तिची सुट्टी त्यातच संपेल. वर पात्राचा शर्ट लाल ऐवजी निळा करायचा ठरला, की सगळी चित्रं पुन्हा!

कट-आउटमध्ये काय होतं बघा. बाजूने दिसणाऱ्या माणसाचे सात आकार काढायचे: डोकं, धड, दंड, कोपरापासून पंजापर्यंतचा हात, मांडी, पोटरी आणि पाऊल. हात-पायांचे आकार दोनदा वापरायचे आणि पलीकडच्या बाजूचे जरा गडद करायचे. सात चित्रांतून बारा तुकड्यांचा माणूस तयार. पुढे कॉम्प्युटरने लक्षात ठेवायचं ते एवढंच, की कोणता तुकडा कोणत्या क्षणी किती फिरलाय. गेमची फाइलही त्यामुळे हलकी राहते आणि साध्या फोनवर नीट चालते.

कुमोरटुलीचा काठामो

मी राहते कोलकात्यात, बागबाजारला. मराठी माणसाचं इथलं नातं जरा अवघडच आहे. नागपूरकर भोसल्यांच्या स्वारांच्या भीतीने १७४२ मध्ये शहराभोवती जो खंदक खणायला घेतला होता, त्याच्या नावाची मराठा डिच लेन अजूनही इथे आहे. पण बागबाजारपासून चालत जाण्याच्या अंतरावर कुमोरटुली आहे, आणि तिथे गेलं की हे तुकड्यांचं गणित डोळ्यांसमोर उभं राहतं.

कुमोरटुलीत दुर्गेच्या मूर्ती घडतात. आधी बांबू-लाकडाचा सांगाडा उभा राहतो, त्याला बंगालीत काठामो म्हणतात. त्यावर पेंढा बांधून शरीराचा आकार, मग मातीचे थर. चेहरा मात्र साच्यातून वेगळा निघतो. बोटंही वेगळी करून नंतर हातांना लावतात. एका बाजूला बिनडोक्याची धडं उभी आणि दुसऱ्या बाजूला चेहरे वाळत पडलेले, हे दृश्य पहिल्यांदा बघणाऱ्याला जरा दचकवतं. कारागिराला त्यात काही नवल नाही. देहाचा तोल आधी सांगाड्यात ठरतो, बाकीचं त्यावर चढतं.

गेममधल्या पात्राचंही तसंच असतं. चित्राआधी त्याच्या हाडांचा विचार करावा लागतो. फरक एवढाच, की देवीची मूर्ती एका मुद्रेत स्थिर राहणार असते, आपल्या पात्राला चालायचं असतं. म्हणून आपल्याला सांगाड्याबरोबर सांधेही लागतात. ते बघायला कोकणात जाऊ.

पिंगुळीला दोन्ही रीती आहेत

सिंधुदुर्ग जिल्ह्यात कुडाळजवळ पिंगुळी गाव आहे. तिथला ठाकर समाज पिढ्यान्‌पिढ्या चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्यांचे खेळ करत आला. चित्रकथीत चित्र जागचं हलत नाही. एकामागून एक चित्र समोर धरत कलाकार गाऊन गोष्ट पुढे नेतो. कळसूत्रीत उलटं. बाहुली शेवटपर्यंत तीच असते, दोऱ्या ओढल्या की तिचे अवयव हलतात.

गंमत बघा, ॲनिमेशनच्या दोन मूळ रीती या एकाच गावात सापडतात. दर वेळी नवं चित्र दाखवायचं, ही एक. आणि चित्र तेच ठेवून सांधा हलवायचा, ही दुसरी.

खेळांना मिळणारा आश्रय कमी झाला, घरोघरी टीव्ही आले, तसं हे सगळं विरत चाललं होतं. तेव्हा परशुराम गंगावणे यांनी आपल्या घरच्या गोठ्यातच संग्रहालय उभं केलं, ठाकर आदिवासी कला आंगण. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. कोकणात जाणाऱ्यांनी मुलांना ते जरूर दाखवावं.

आंध्रातल्या तोलू बोम्मलाट या छायाखेळात तर चामड्याच्या मोठ्या बाहुल्यांना खांदा, कोपर, गुडघा असे सांधेच असतात. आणि जर्मनीत लोटे रायनिगर या बाईंनी काळ्या पुठ्ठ्याचे तुकडे तारेने जोडून, थोडे थोडे सरकवत, तीन वर्षं खपून राजपुत्र अहमदच्या साहसांचा एक पूर्ण लांबीचा सिनेमा केला. तो १९२६ मध्ये आला. कॉम्प्युटर नव्हता. कात्री होती, तार होती आणि भरपूर चिकाटी होती.

सांधा कसा करायचा?

आता प्रत्यक्ष काम. नवशिक्यांचं पात्र बहुतेक वेळा चेहऱ्यामुळे बिघडत नाही, सांध्यामुळे बिघडतं. चार गोष्टी सांभाळा.

पहिली, टोकं गोल ठेवा. दंडाचं खालचं टोक आणि पुढच्या हाताचं वरचं टोक सारख्याच मापाच्या गोलाने संपवा आणि ते गोल एकमेकांवर बरोबर बसवा. फिरण्याचा बिंदू, म्हणजे पिव्हट, त्या गोलाच्या मधोमध. मग हात कितीही वाकवा, कोपराला फट पडणार नाही. तुकड्यांभोवती काळी रेघ काढली असेल, तर सांध्यापाशी ती पुसा. नाहीतर हात साखळीच्या कड्यांसारखा दिसतो.

दुसरी, कोण कुणाला बांधलंय ते ठरवा. पंजा हाताला, हात दंडाला, दंड धडाला. खांदा फिरला की सगळा हात मागोमाग आला पाहिजे. कोपर फिरलं तर दंड जागेवरच राहिला पाहिजे.

तिसरी, तुकड्यांची रांग. पलीकडचा हात आणि पाय धडाच्या मागे, अलीकडचे पुढे.

चौथी, बदली तुकडे. उघडे डोळे, मिटलेले डोळे. मूठ, उघडा पंजा. एवढ्यानेच पात्र बोलकं होतं.

चित्रं काढायला इंकस्केप आणि त्यांना गेममध्ये हलवायला गोडो, ही दोन्ही सॉफ्टवेअर मोफत आहेत. घरातला जुना कॉम्प्युटरही पहिल्या प्रयोगाला बहुतेक वेळा पुरतो.

चाल म्हणजे चार थांबे

चालण्यासाठी सगळे क्षण काढायचे नसतात. मुख्य थांबे द्यायचे, त्यांना की-फ्रेम म्हणतात. मधलं कॉम्प्युटर भरतो. एका पावलाचे थांबे चार: टाच टेकली, भार पेलला, मागचा पाय पुढच्याला ओलांडतोय, आणि शरीर वर उचललंय. भार पेलताना डोकं सगळ्यांत खाली येतं, शेवटच्या थांब्याला सगळ्यांत वर जातं. पुढे पाय अदलाबदल करून हेच चार. उजवा पाय पुढे तेव्हा डावा हात पुढे, हे विसरायचं नाही.

आता एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. दोन पावलांचा पूर्ण फेरा एका सेकंदाचा असेल आणि त्यात पात्र १२० पिक्सेल पुढे जात असेल, तर गेममध्येही त्याचा वेग सेकंदाला १२० पिक्सेलच हवा. तो २०० केलात, की फरशीवर साबणाचं पाणी सांडल्यासारखे पाय घसरतात.

या पद्धतीला मर्यादाही आहेत. बाजूने काढलेलं पात्र आपल्याकडे वळून बघू शकत नाही, त्यासाठी नवे तुकडे लागतात. मोकळे केस, फडफडणारा पदर यांनाही जास्त कष्ट पडतात. म्हणून पहिलं पात्र साधंच घ्या.

आज रात्री करून बघा

कॉम्प्युटर नसला तरी अडत नाही. जुन्या लग्नपत्रिकेचा जाड कागद घ्या. त्यातून बारा तुकडे कापा. सांध्याच्या जागी जाड सुईने भोक पाडा (हे काम मोठ्यांनी करावं), दोरा ओवा आणि दोन्ही बाजूंना गाठ मारा. गाठ फार घट्ट नको, तुकडा फिरला पाहिजे. बाहुली जमिनीवर ठेवा, दोन स्टुलांवर आडवी पट्टी ठेवून तिच्यावर फोन पालथा टेकवा. बाहुली किंचित हलवा, फोटो काढा. पुन्हा हलवा, पुन्हा फोटो. असे २४ फोटो सेकंदाला १२ या वेगाने दाखवले, की दोन सेकंदांचा सिनेमा झाला.

पंधराव्या फोटोलाच कंटाळा आला, तर फीचे पैसे वाचले. आणि जेवायला हाका मारल्या तरी मूल उठलं नाही, तर तेही कळलंच!

एक शेवटचं. इंटरनेटवर तयार पात्रं ढिगाने मिळतात. टोपीवाला मुलगा, तलवारवाला वीर, सगळे एकाच चालीने चालणारे. शिकण्यापुरती ती वापरा. पण तुमच्या गेममध्ये नऊवारीतली आजी का असू नये? काष्ट्यामुळे तिचे पाय मोकळे दिसतात, म्हणजे चाल दाखवायला सोपी. तिचं पाऊल छोटं, पाठ थोडी वाकलेली, एक हात कमरेवर. आमच्या बागबाजारचे धोतर नेसून मासळीबाजाराला निघालेले आजोबा घ्या. त्यांच्या हातात पिशवी आहे, म्हणून तो हात कमी हलतो आणि खांदा एका बाजूला झुकतो. असली चाल विकत मिळत नाही. ती आपल्याच माणसांकडे बघून उचलावी लागते.

तेव्हा उद्या सकाळी घरातलं कुणी दूध आणायला निघालं, की खिडकीत उभे राहा आणि त्यांचे फक्त गुडघे बघा.