मुलांना भय कोणाचे?

सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मज्जाव करणारा कायदा ऑस्ट्रेलियाने २०२४ साली संमत केला व १० डिसेंबर २०२५ पासून तो अमलात आणला. आपल्याकडेही असाच कायदा व्हावा, अशी मागणी सुशिक्षित पालकवर्गातून ऐकू येऊ लागली आहे. या मागणीमागील कळकळ आम्हांस मान्य आहे. मुलांचे लक्ष खिळवून ठेवून त्यावर नफा मिळविणाऱ्या कंपन्यांना वेसण घालणे हे सरकारचे कर्तव्यच होय. आपल्या २०२३ च्या व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने त्या दिशेने पाऊल टाकले आहे. अठरा वर्षांखालील मुलाची माहिती वापरण्यापूर्वी आईबापांची पडताळून घेतलेली संमती त्याने आवश्यक ठरविली आहे. मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवण्यास व त्यांना हेरून जाहिराती दाखविण्यासही सर्वसाधारणपणे मनाई केली आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले; मुख्य बंधनांच्या अंमलबजावणीस मात्र तेथून अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली.

तथापि कायद्यावर भार टाकून पालकांना व शिक्षकांना मोकळे होता येणार नाही. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा पाटीदप्तराच्या जागी मोबाइल मुलांच्या हाती आपणच दिला. शाळा उघडल्या, पण मोबाइल परत गेला नाही. आज गृहपाठही व्हॉट्सॲपवर येतो. विहिरीत उतरणाऱ्या मुलाच्या पाठीला भोपळा बांधल्यावाचून त्याला न सोडणारा आपला समाज, या अथांग पाण्यात मात्र मुलांना तसाच ढकलून मोकळा झाला!

अनोळखी माणसाशी बोलू नये, पासवर्ड कोणास सांगू नये, एवढा उपदेश घरोघर होतो. पण मुलांना जाळ्यात ओढणारा मनुष्य अनोळखी म्हणून येतच नाही. एखाद्या खेळात किंवा इन्स्टाग्रामवर तो समवयस्क मित्र म्हणून भेटतो, आठवडेच्या आठवडे गोड बोलतो, मग एक छायाचित्र मागतो. ते हाती पडताच भाषा पालटते: “पैसे दे, आणखी छायाचित्रे पाठव, नाहीतर हे तुझ्या घरी आणि शाळेत दाखवीन.” या धमकीचे बळ कशात आहे, याचा वाचकांनी विचार करावा. घरी कळले तर आपली धडगत नाही, या मुलाच्या खात्रीवरच तिचे सारे बळ उभे आहे. ही खात्री त्या गुन्हेगाराने निर्माण केलेली नाही. ती आपण आपल्या दरडावणीने निर्माण केली आहे. मुलीच्या बाबतीत तर मोबाइलच काय, कित्येक घरांत शिक्षणही थांबेल हे तिला ठाऊक असते. मग ती तोंड दाबून बुक्क्यांचा मार सोसते, यात नवल ते काय?

म्हणून आमच्या मते पहिला धडा पालकांनीच गिरवला पाहिजे: येऊन सांगणाऱ्या मुलाला शिक्षा नाही. हे अभय संकट येण्यापूर्वी आणि स्पष्ट शब्दांत दिलेले असले पाहिजे. त्याने मुले सोकावतील, अशी शंका कोणी घेईल. पण शिस्त आणि दहशत यांत भेद आहे. रात्री मोबाइल निजण्याच्या खोलीत न्यायचा नाही, जेवताना हाती धरायचा नाही, हे नियम अवश्य असावेत. मात्र ते वडिलांनाही लागू असावेत. खरे बोलण्याची किंमत म्हणून मोबाइल काढून घेणे ही शिस्त नव्हे.

पुढचे धडे शाळेने द्यावेत. धमकी आल्यास पैसे देऊ नयेत, दुसरे छायाचित्र पाठवू नये, आलेले संदेश व खात्याचे नाव पुरावा म्हणून जपावे आणि त्याच दिवशी मोठ्यांना सांगावे, हे प्रत्येक मुलाला पाठ असले पाहिजे. बालकांच्या मदतीसाठी १०९८ व सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठी १९३० हे क्रमांक वर्गाच्या भिंतीवर हवेत. अठरा वर्षांखालील वयात काढलेली अशी छायाचित्रे पसरू नयेत म्हणून ‘टेक इट डाउन’ ही विनामूल्य सेवा २०२३ पासून चालू आहे. तीत छायाचित्र कोणाकडे पाठवावे लागत नाही. त्याचा केवळ सांकेतिक ठसा सहभागी कंपन्यांकडे जातो व त्यावरून त्या ते ओळखून काढतात. ही माहिती किती शिक्षकांना आहे? वर्षातून एकदा पोलिस अधिकाऱ्याचे व्याख्यान ठेवून हे काम होणारे नाही. त्यासाठी वेळापत्रकात नियमित तास हवा आणि त्या तासाला प्रश्न विचारणाऱ्या मुलाकडे संशयाने न पाहणारा शिक्षक हवा.

कायदे होतील, कंपन्यांवर बंधनेही येतील. ती यावीत यासाठी जनतेने आग्रह धरलाच पाहिजे. परंतु मध्यरात्री धमकीचा संदेश वाचून थरथरणाऱ्या मुलाला शेजारच्या खोलीचे दार ठोठावण्याचे धैर्य कोणताही कायदा देऊ शकणार नाही. ते आईबापांनीच द्यावयाचे आहे, आणि तेही आजच.