पगार झाडूवाल्याचा, काम गुरूचें !

गेल्या महिन्यांत आमच्या शाळेच्या बक्षीस-समारंभास शहरांतून एक डॉक्टर पाहुणे आले होते. मुलांना चार शब्द सांगा, अशी आम्हीं विनंती केली. त्यांनीं चारशें सांगितले, आणि त्यांतला सर्वांत मोठा शब्द म्हणजे 'गुणवत्ता'! शस्त्राला जात कळत नाहीं, कमी गुणांच्या पोरांना वैद्यकीय कॉलेजांत घ्याल तर रोगी टेबलावरच दगावतील, असा त्यांच्या भाषणाचा मथितार्थ. समोर सतरंजीवर सुताराचा मुलगा बसला होता, धनगराची मुलगी होती, गांवकुसाबाहेरच्या वस्तींतलीं दोन भावंडें होतीं. डॉक्टरसाहेबांस टाळ्या मिळाल्या. आम्हीही वाजविल्या, कारण पाहुण्याचा मान राखणें हें मास्तराचें कर्तव्य. परंतु रात्रीं झोंप लागेना. त्या टाळ्यांचें प्रायश्चित्त म्हणून हा लेख.

अध्यापक विद्यालयांत मराठींतून शिकलेल्या खेड्यांतल्या मास्तरास शस्त्रक्रियेंतलें काय कळणार, असें कोणी म्हणेल. खरें आहे. पण गुणवत्ता कोण ठरवितो आणि ती कोणाच्या खात्यावर जमा करतो, हें कळण्यास हातीं सुरी धरावी लागत नाहीं. त्यासाठीं अमेरिकेंतील एका नामांकित वैद्यकीय विद्यापीठाची हकीकत वाचकांपुढें ठेवतों. अमेरिकाच कां ? तर गुलामांच्या मुक्ततेसाठीं झटणाऱ्या त्या देशांतील सज्जनांस जोतीराव फुल्यांनीं १८७३ सालीं आपली 'गुलामगिरी' अर्पण केली, तेव्हांपासून तेथील कृष्णवर्णी बांधवांचें सुखदुःख आमचेंही झालें आहे. योगायोग असा कीं, त्याच १८७३ सालीं बाल्टिमोरचा धनिक जॉन्स हॉपकिन्स यानें आपल्या नियोजित रुग्णालयाच्या विश्वस्तांस पत्र लिहून कळविलें कीं, गरीब रोग्यांना लिंग, वय वा वर्ण न पाहतां दाखल करून घ्यावें. कागद फार चांगला होता. रुग्णालय १८८९ सालीं उघडलें; पुढें वॉर्ड मात्र गोऱ्यांचे निराळे व काळ्यांचे निराळे झाले.

वैद्यकीय कॉलेज उघडण्यास पैसा पुरेना. तेव्हां मेरी गॅरेट नांवाच्या श्रीमंत बाईनें व तिच्या मैत्रिणींनीं सुमारें ५ लक्ष डॉलर उभे केले आणि अट घातली कीं, बायकांना पुरुषांच्या बरोबरीनें प्रवेश द्यावा. १८९३ सालीं कॉलेज सुरू झालें, बायका आंत गेल्या. बायकांची बुद्धि त्या सालीं एकाएकीं वाढली होती काय ? पैशाची थैली वाढली होती ! ज्यांच्याकडे थैली नव्हती ते बाहेरच राहिले.

पुढें १९१० सालीं अब्राहम फ्लेक्सनर याचा अहवाल प्रसिद्ध झाला. हा गृहस्थ डॉक्टर नव्हे, आमच्यासारखाच शाळामास्तर! त्यानें अमेरिका व कॅनडांतील १५५ वैद्यकीय कॉलेजें पाहिलीं आणि हॉपकिन्सचा नमुना सर्वांपुढें ठेवला : प्रयोगशाळा हवी, रुग्णालय हवें, शिकविणाऱ्यानें संशोधनही करावें. हें सारें योग्यच. पैसे घेऊन पदव्या वाटणारीं दुकानें त्यावेळीं पुष्कळ होतीं, तीं बंद पडलीं याबद्दल आम्ही त्या मास्तरास दुवाच देऊं. पण कृष्णवर्णीयांचीं ७ कॉलेजें होतीं, त्यांपैकीं हॉवर्ड व मेहॅरी हीं दोनच ठेवावींत असें त्यानें लिहिलें, आणि १९२३ पर्यंत बाकीचीं ५ बंद झालीं. गोऱ्या मुलाचें एक कॉलेज गेलें तर दुसऱ्याचें दार उघडें होतें. काळ्या मुलानें कोठें जावें? शिवाय कृष्णवर्णी डॉक्टरास शस्त्रक्रियेपेक्षां आरोग्यरक्षण शिकवावें, असाही अभिप्राय त्यानें दिला. म्हणजे सुरी आमच्या हातीं, फिनेलची बाटली तुमच्या हातीं !

आतां दैवाची थट्टा पहा. ज्या १९१० सालीं हा अभिप्राय छापला गेला, त्याच सालीं अमेरिकेच्या दक्षिणेंत एका सुताराच्या घरीं व्हिव्हियन थॉमस जन्मला. बापाबरोबर रंधा मारून कॉलेजसाठीं यानें पैसे सांठविले, ते मंदीच्या लाटेंत बँकेबरोबर बुडाले. १९३० सालीं पोटासाठीं तो नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठांत डॉ. आल्फ्रेड ब्लेलॉक यांच्या प्रयोगशाळेंत लागला. थोड्याच दिवसांत हा सुतार कुत्र्यांवर नाजूक शस्त्रक्रिया करूं लागला. मोठ्या जखमेनंतर माणूस गळून कां पडतो ? कसल्याशा विषामुळें नव्हे, तर रक्त व रक्तांतलें पाणी वाहून गेल्यामुळें, हें त्या प्रयोगशाळेंत दिसून आलें आणि दुसऱ्या महायुद्धांत रक्त व रक्तद्रव भरून असंख्य शिपाई वांचले. या कामाचा पगार ? विद्यापीठाच्या दप्तरीं थॉमसची नोंद 'झाडूवाला' म्हणून होती !

१९४१ सालीं ब्लेलॉक हॉपकिन्सला गेले ते थॉमसला घेऊनच. तेथें डॉ. हेलन टॉसिग ही कानानें अधू बाई बोटांनीं मुलांच्या छातीचे ठोके समजून घेत असे. जन्मतः हृदयांत दोष असल्यानें ज्यांचें रक्त फुप्फुसांत पुरेसें जात नाहीं व अंग निळें पडतें, अशा मुलांसाठीं कांहीं वाट काढा, असें तिनें म्हटलें. ती वाट थॉमसनें सुमारें २०० कुत्र्यांवर खपून तयार केली : हाताकडे जाणारी धमनी वळवून फुप्फुसाच्या धमनीस जोडावयाची. एवढ्या बारीक कामाच्या सुया बाजारांत नव्हत्या. त्या त्यानें स्वतः तोडून घांसून केल्या. (रंध्याची विद्या कोठें उपयोगीं पडेल सांगतां येत नाहीं.)

२९ नोव्हेंबर १९४४ रोजीं पहिली मुलगी टेबलावर घेतली. ब्लेलॉक यांनीं ही जोडणी पूर्वीं एकदांच केली होती, तीही थॉमसचा मदतनीस म्हणून. म्हणून त्यांनीं थॉमसला मागें स्टुलावर उभें केलें आणि खांद्यावरून तो सांगेल तसें काम केलें. पोर शस्त्रक्रियेंतून वांचली. पुढें कांहीं महिन्यांनीं ती गेली, पण तिच्या मागून आलेलीं असंख्य मुलें जगलीं. १९४५ सालीं लेख छापला, त्यावर नांवें दोन : ब्लेलॉक व टॉसिग. शस्त्रक्रियेलाही तींच दोन नांवें. तिसरा माणूस संध्याकाळीं पोट भरण्यासाठीं त्याच ब्लेलॉकसाहेबांच्या मेजवान्यांत दारूचे पेले भरीत असे. दिवसा ज्यांना टांका घालावयास शिकविलें, त्यांच्याच हातांत रात्रीं पेला द्यावयाचा ! ब्लेलॉक दुष्ट होते असें आमचें म्हणणें नाहीं. थॉमसची बुद्धि त्यांनींच ओळखली. पण मालकाच्या मर्जीवर मिळालेला मान म्हणजे हक्क नव्हे.

हॉपकिन्सच्या वैद्यकीय कॉलेजांतून पहिले कृष्णवर्णी पदवीधर १९६७ सालीं बाहेर पडले. १९७६ सालीं थॉमसला सन्मानाची डॉक्टरकी दिली ती वैद्यकाची नव्हे, कायद्याची ! दार उघडल्यावर रोगी टेबलावर मेले काय ? व्हँडरबिल्टच्या वैद्यकीय कॉलेजांत १९६६ सालीं पहिला कृष्णवर्णी विद्यार्थी घेतला, त्याचें नांव लेवाय वॉटकिन्स. त्याच गृहस्थानें १९८० सालीं हॉपकिन्समध्यें, बिघडलेल्या हृदयास आपोआप धक्का देऊन ठिकाणावर आणणारें यंत्र माणसाच्या छातींत प्रथम बसविलें.

आमच्या पाहुण्यांस आतां घरचाच एक प्रश्न विचारतों. २०२३ सालीं पदव्युत्तर वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षेंत, जागा रिकाम्या राहूं नयेत म्हणून, सर्वच वर्गांसाठीं पात्रतेची अट शून्य पर्सेंटाईलवर आणली गेली. तेव्हां आपण कोणत्या सभेंत रोग्यांसाठीं अश्रु ढाळलेत ? खाजगी कॉलेजांत परदेशस्थांच्या नांवानें ज्या जागा भारी फी घेऊन भरतात, तेथें शस्त्राला पैसा कळतो काय ? गुणवत्तेची आठवण धनगराची पोर दारांत उभी राहिली म्हणजेच कां होते ?

दुसऱ्या दिवशीं वर्गांत आम्हीं थॉमसची गोष्ट सांगितली. सुताराच्या मुलानें विचारलें, "गुरुजी, सुई तोडल्यावर तिला पुन्हां धार कशी लावली असेल ?" आम्हांस सांगतां आलें नाहीं. डॉक्टरसाहेबांस कदाचित् ठाऊक असेल. या अंकाची एक प्रत त्यांना टपालानें धाडीत आहों. पुढल्या बक्षीस-समारंभाचें आमंत्रणही सोबत आहे.