पळून आलेल्याचे काय?

दिवाळी सरली की आमच्या नांदगाव तालुक्यातले मेंढपाळ घोड्यावर बिऱ्हाड लादून चाऱ्यासाठी बाहेर पडतात. माझे आजोबाही जात. रात्री मेंढरांभोवती वाघूर लावायची आणि पाळीपाळीने जागायचे. “जागणारा झोपला आन् लांडग्यानं कोकरू नेलं, तर?” असे मी एकदा विचारले. “कोनी बोलत नसायचं त्याच्याशी. पुढची पाळी त्यानं नीट काढली, का मिटलं,” ते म्हणाले.

आपल्याकडील कित्येक वीरगळ गाईगुरांसाठी लढून पडलेल्यांचे आहेत. खाली लढाई, मध्ये वीराला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा, वर शिवलिंगाची पूजा. पळून आलेल्याचा दगड मात्र कोणी कोरला नाही. माझ्या मते लोक लढायला एकत्र का येतात, याचे उत्तर त्या न कोरलेल्या दगडात आहे.

उत्तर केनियातील तुर्काना हे फिरस्ते पशुपालक. त्यांना राजा नाही, पगारी फौज नाही. तरी शेजारच्या जमातींची गुरे लुटायला शेकडो तरुण जमतात आणि त्यांतले पुष्कळ एकमेकांचे नातलगही नसतात. (या लुटीचा मला गौरव करायचा नाही, तिच्यात माणसे मरतात.) सारा मॅथ्यू आणि रॉबर्ट बॉइड यांनी अशा ८८ स्वाऱ्यांची माहिती गोळा करून २०११ साली अभ्यास प्रसिद्ध केला. जो कच खातो किंवा वाटेतून परततो, त्याची टवाळी होते. अपराध मोठा असेल तर त्याच्याच वयाचे सोबती त्याला झाडाला बांधून फटके देतात, दंड म्हणून त्याचे जनावर कापायला लावतात. आपल्या स्नेहसंमेलनात शौर्यावर भाषणे होतात, तेव्हा हे झाड कोणी आठवत नाही!

“जातपंचायत तरी दुसरे काय करते?” असे माझा एक मित्र म्हणाला. मला हे मुळीच पटत नाही. तुर्कानांत शिक्षा होते ती सर्वांचा जीव धोक्यात घातल्याबद्दल. आपल्याकडे पंचांनी कुटुंबे वाळीत टाकली ती बहुधा मुलीने मनाजोगे लग्न केले म्हणून. त्यात कोणाचे कोकरू गेले? शिवाय त्या वाळीला मुदत नसते. ती मुलाबाळांपर्यंत पोचते. म्हणूनच महाराष्ट्राला २०१६ चा सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करावा लागला; त्यात तीन वर्षांपर्यंत कैद आहे.

“धाक गेला तर जमात फुटेल,” हे मी घरीही ऐकतो. आजोबांच्या वाड्यावर धाक होताच. पण तो पुढच्या पाळीपर्यंतच असे.